मामाजींचा नवा रेडिएटर

आमच्या मामाजींनी उभ्या आयुष्यात मोटार चालवली असं मला वाटत नाही. ते तिची समजूत काढत, आणि तिला पटलं की ती आपणहून जाई. लढाई सुरू होण्याच्या आधीच्या त्या वर्षांत गोंदिया ते चोरखमारा या रस्त्यावर एकच सर्व्हिस मोटार धावायची आणि मामाजी तिचे ड्रायव्हर होते. पण ड्रायव्हर म्हटलेलं त्यांना खपत नसे. "डायवर आगगाडीले राहते," ते म्हणत. "तिले रूळ हायेत, तिले कोनाले इचारा लागत नाही. माह्या मोटारीले इचारा लागते." आणि खरोखरच रोज सकाळी हँडल मारण्याआधी ते बॉनेटवर तळहात ठेवून हलक्या आवाजात विचारत, "जाचं का मंग?" आणि कान देऊन उत्तर ऐकत. कधीकधी उत्तर नकाराचं येई. मग उतारूंनी स्टँडवरच्या लिंबाखाली बसून बिड्या ओढायच्या आणि मामाजींनी चहा पिऊन येऊन पुन्हा विचारायचं. त्यांच्यादेखत 'मोटार बंद पडली' असं म्हणायची सोय नव्हती. आमगावचा एक गुळाचा व्यापारी एकदा तसं बोलून बसला, तर मामाजींनी त्याला खाली उतरवून बॉनेटसमोर उभा केला. "बंद नाही पडली, बसली हाय जराशी. तू नाही का बसत? सकाळपासून बसूनच तं हायेस!" व्यापाऱ्यानं चेष्टेनं हात जोडले आणि त्याच क्षणी, कोणी हँडलला हात लावलेला नसताना, इंजिन एकदा खोल खाकरलं. नंतर तो माणूस मोटारीत चढताना नेहमी नमस्कार करूनच चढे, आणि त्यात चेष्टा नसे.

मोटार मूळची जंगलातली लाकडं वाहणारी लारी. मालकांनी ती विकत घेऊन तिची बस करायला ज्या सुताराला दिली त्यानं जन्मभर घरं बांधलेली. त्याला बस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. घर म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं लारीवर घरच बांधलं. खिडक्यांना गज, दाराला कडी-कोयंडा, मामाजींच्या पाठीमागच्या फळीत दिवा ठेवायला कोनाडा, आणि दाराशी चांगला वीतभर उंच सागवानी उंबरठा. त्या उंबरठ्यानं फार घोटाळे केले. खेड्यातली माणसं उंबरठा बघून सवयीनं चपला बाहेर काढत आणि आत येऊन बसत. मोटार निघे, चपला गोंदियात राहत, आणि उतारू चोरखमाऱ्याच्या तापलेल्या मातीत एका पायावर नाचत उतरत. मालक म्हणाले, उंबरठा तासून टाका. मामाजी म्हणाले, "घराचा उंबरठा तोडते का कोनी? मंग आत येनाऱ्याले कसं समजंल का आत आलो म्हनून?" येणारा म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मोटारीला सागाचा वास मात्र कायम होता, आणि ती भरलेली असताना गप्प राही. रिकामी असली म्हणजे कुरकुरे. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीचं दार सकाळी उघडलं की आत कोणीतरी नुकतंच बोलायचं थांबलंय असं मला वाटायचं. मी मुळातच भित्रा माणूस आहे, तेव्हा माझ्या वाटण्यावर फार जाऊ नये.

मी त्या मोटारीवर कंडक्टर होतो. मूळचा रत्नागिरीकडचा. मराठी पाचवीतच शाळा सुटली आणि पुढे पोटापाण्यासाठी रेल्वेतल्या एका चुलत्याच्या भरवशावर मी मुलखाच्या या टोकाला, गोंदियाला आलो. आलो तर चुलता बदली होऊन बिलासपूरच्याही पलीकडे गेलेला. स्टेशनाबाहेर मी वळकटीवर बसून राहिलो होतो; हिंदी येत नव्हती, इथली मराठीही अर्धीच कळत होती, आणि परत जायला तोंड नव्हतं. तिथं एक उंच, वाळका, डोक्याला भगवट रंगाचं फडकं बांधलेला माणूस माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काऊन गा, कोनाची वाट पाहून राहिला?" मी गाव सांगितलं. गावाचं नाव त्यांना बोलता आलं नाही, म्हणून त्यांनी जिल्ह्याचं धरलं. "चल रत्नागिरी, भात खाऊन घे. मंग पाहू." त्या भातावर मी आजतागायत जिवंत आहे असं म्हटलं तरी चालेल. मामाजी मालकांचे मेहुणे. मालकांची मुलं त्यांना मामाजी म्हणत म्हणून सारा स्टँड म्हणे, आणि माझा तर खरा मामासुद्धा त्यांच्याइतका मामा नव्हता. माझं काम, माझी खोली, माझं ताट, सगळं त्या एका मोटारीला टांगलेलं होतं. ती खोकली तरी माझ्या छातीत कळ येई.

फुलचूर मागे पडलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लागत, बांध्या संपल्या की जंगल. त्या जंगलात एक नाला उतरून एक उभा चढ चढावा लागे आणि चढाच्या माथ्यावर मोहाचं एक जुनं झाड होतं. त्या झाडाला पानांपेक्षा चिंध्या जास्त. येणारा-जाणारा आपल्या कपड्याची एक पट्टी फाडून त्याला बांधी आणि पुढे जाई. लोक त्याला चिंध्यादेव म्हणत. मोटार तिथं भर दुपारी पोचायची. मी कोकणातला, झाडं मला नवी नाहीत. पण वाऱ्याची झुळूकही नसताना त्या चिंध्या एकेक करून हलत, आधी खालच्या, मग वरच्या, जशी काही माणसं आळीपाळीनं बोलताहेत. सुरुवातीच्या दिवसांत मोटार पुसायला म्हणून मी एक चिंधी ओढू गेलो, तर रोज तलावावरून शिंगाडे घेऊन गोंदियाला येणारी म्हातारी ओरडली, "हात नोको लावू रे बापू! लोकायचे दुखने बांधले हायेत तिथं. तुह्या हाताले चिपकन." मी तो हात संध्याकाळपर्यंत अंगापासून दूर धरला होता.

जुना रेडिएटर असताना मोटार त्या चढावर न चुकता तापायची आणि झाडाखाली येऊन वाफ सोडत उभी राहायची. मामाजी खाली उतरत, पण पाण्याच्या डब्याला हात लावत नसत. ते झाडाला पाठ टेकून नाल्याच्या पायवाटेकडे बघत राहत. थोड्या वेळानं स्वतःशीच मान हलवत, डब्यातलं पाणी ओतत, आणि मग एक विचित्र गोष्ट करत. मोटारीचं दार उघडून बाजूला उभे राहत. कोणी चढत नसे. जेवढा वेळ एखाद्या बाईला लुगडं सावरून उंबरठा ओलांडायला लागेल तेवढा वेळ थांबून ते दार लावत आणि मला म्हणत, "माह्या मागचा कोपरा खाली ठेवजो." तिथून चोरखमाऱ्यापर्यंत त्यांच्या पाठीमागचा, कोनाड्याजवळचा कोपरा रिकामा जायचा, मोटारीत माणसं दाटीवाटीनं उभी असली तरी. एकदा धानाचा एक दलाल, अंगानं भरपूर आणि तोंडानं त्याहून, हट्टानं तिथंच बसला. "भुतासाठी जागा राखीव हाय का बे?" म्हणून सगळ्या मोटारीला हसवलं त्यानं. चोरखमाऱ्याला उतरला तेव्हा त्याचं धोतर मागून ओलंचिंब होतं. उतारू पोट धरून हसले; दलाल काही हसला नाही. मी बाक हातानं चाचपून पाहिला. बाक कोरडा होता, आणि गार. मामाजी एवढंच म्हणाले, "सांगतलो होतो."

त्या कोपऱ्यातल्या बाईची गोठ मला शिंगाडेवाल्या म्हातारीनं सांगितली; इकडे हकिगतीला गोठ म्हणतात. मामाजींचं घर, दोन बांध्या शेत, त्या नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, होतं. मामाजी मोटारीपायी गोंदियात राहत आणि त्यांची बायको घरी. रोज दुपारी मोटार तापून झाडाखाली उभी राहिली की ती पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन पायवाटेनं वर येई. चारचौघांदेखत नवरा-बायकोनं बोलायचं नाही, उतारूंत गावचे वडीलधारे असत, तेव्हा ती गुंड झाडाच्या बुडाशी आदळून ठेवी आणि मोटारीकडे बघून म्हणे, "घ्या, पाजा माह्या सवतीले!" मामाजी पाणी ओतत. रिकामा गुंड घेऊन ती परत जाई. एवढाच त्यांचा संसार. "पन रोजच्या रोज होता, बापू," म्हातारी म्हणाली. एका पावसाळ्यात तिला ताप भरला. पावसाळ्यात हा रस्ता बंद, मोटार गोंदियात ताडपत्रीखाली. निरोप पोचला तेव्हा मामाजी पायी निघाले, पण नाल्याला पूर होता. ते अलीकडच्या काठावर, आणि पलीकडे टोल्याच्या मसणात तिची चिता पेटलेली दिसली. ही गोठ ऐकली त्या दिवसापासून कोपरा राखताना मी उतारूंशी मामाजींपेक्षा जास्त भांडू लागलो.

आणि अशात मालकांनी नवा रेडिएटर आणला. थेट नागपूरहून, पेटीत भुशात गुंडाळून. मोटार रोज तापते, उतारू कंटाळतात, म्हणून मालकांनी हौसेनं ही खरेदी केली होती. स्टँडवर नारळ फुटला, रेडिएटरच्या कपाळी कुंकू लागलं. मालक म्हणाले, "अब कहीं रुकनेका नाम नहीं! आता बीचमध्ये कुठं थांबाचं काम नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाजी फडक्यानं हात पुसत राहिले. इतकं चकचकीत काही त्या मोटारीवर कधी नव्हतं. त्यात आपलं तोंड दिसे, पण जाळीमुळे चिरफाळलेलं.

पहिल्या फेरीला मी मामाजींकडेच बघत होतो. नाला उतरलो, चढ लागला. इंजिन गार. मोटार एखाद्या तरण्या बैलासारखी चढ चढून गेली. झाड आलं. थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं. मामाजींनी मान वळवली नाही. पण त्यांच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. झाड खिडकीशी आलं आणि पुढून आवाज आला. टप. टप टप. आणि मग पाण्याची धारच लागली. मोटार थांबली ती बरोबर तिथंच, जिथं रोज थांबायची. उतरून पाहिलं तर रेडिएटर रिकामा आणि मातीत काळं डबकं. भोक मात्र कुठं नाही. मामाजींच्या तोंडाचा रंग गेला होता. त्यांनी पाणी भरलं, दार उघडलं, थांबले, लावलं. पुढे चोरखमाऱ्यापर्यंत आणि संध्याकाळी परत गोंदियापर्यंत एक थेंब गळला नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. मालकांनी रेडिएटर उतरवून आपल्या राईस मिलच्या हौदात बुडवला, सायकलच्या पंपानं हवा भरली; बुडबुडा म्हणून येईना. "क्या तमाशा है!" मालक कपाळाला हात लावून म्हणाले. "नवा माल, भोक नाही, अन् रोज एकाच जागी टपकते? रेडेटरले घड्याळ बांधलं का कोनी?" उतारूंनी आपापला अर्थ लावला. काही जण मोटार सोडून बैलगाडीनं जाऊ लागले. जे येत ते नाला लागला की बोलायचे बंद होत. एवढी माणसं, कोंबड्या, पोरं असलेली मोटार त्या चढावर इतकी चिडीचूप होई की पहिला थेंब पडलेला शेवटच्या बाकावर ऐकू येई. बायका पदराची किनार फाडून तयार ठेवत. मामाजी एकटेच निवांत दिसत. इतके निवांत की मला त्याचीच भीती वाटू लागली.

मग उपाय सुरू झाले, कारण मालक काहीतरी करा म्हणून मागे लागले होते. कोणी म्हणालं हळद घाला, घातली. पिवळं पाणी गळलं. म्हातारी म्हणाली, "पेज टाका तांदराची. मडक्याले चीर पडली का आमी पेजच टाकतो. चिकटून बसते." हा सल्ला मालकांना एकदम पटला, तांदळाच्या मिलचा मालक, तांदळावर त्याचा विश्वास नसणार तर कोणाचा? भुताला सुद्धा भात लागतोच, असंही ते म्हणाले. मामाजींनी पेजेत मूठभर कण्या जास्तच टाकल्या. तो कोणाच्या वाटणीचा भात, ते मला तेव्हा कळलं नाही. मोटार निघाली. फुलचूर गेलं आणि मोटारभर शिजणाऱ्या भाताचा वास सुटला. भर जंगलात, जिथं चूल नाही की माणूस नाही, तिथं कोणाच्या तरी दुपारच्या भाताचा तो वास! मला घर आठवलं. आई चुलीवरून भात उतरवतेय आणि मी शाळेतून धावत येतोय, असं इतकं साफ दिसलं की मी कोणाकडून तिकीट घेतलं आणि कोणाकडून नाही हे विसरलो. उतारूंच्या तोंडाला पाणी सुटलं. एका पोरानं तर आईजवळ ताट मागितलं. आणि नाला यायच्या आतच रेडिएटरचं झाकण बंदुकीसारखं उडालं. कण्या फुलून चांगला मऊ भात झाला होता आणि तो बॉनेटवर, काचेवर, मामाजींच्या फडक्यावर येऊन पडला. नळ्या गच्च. त्या दिवशी मोटार झाडापर्यंत पोचलीच नाही. उतारू भर उन्हात चालत माघारी आले, आणि मामाजी काचेवरचा भात पुसता पुसता पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होते; ठरल्या जागी कोणीतरी ताटकळलं असावं, तसं.

मालकांचा तोल त्या संध्याकाळी गेला. "आता लास्ट! नळ्या साफ करा. परवा मी स्वतः बसतो मोटारीत. त्या झाडाखाली ती एक डाव बी टपकली, तं मी वरचं घर तोडतो, इंजिन काढतो, अन् आमगावच्या मिलले लावतो. तिथं धान तरी कांडंल!" मामाजी म्हणाले, "जिजाजी, तिले चालाची सवय हाय. एका जागी उभी राहून ती मरून जाईन." "मरो!" मालक म्हणाले. मी खोलीवर आलो आणि वळकटी उलगडायची सोडून नुसता तिच्यावर बसलो, स्टेशनाबाहेर बसलो होतो तसा. मोटार गेली तर मला कोण ठेवणार? पाचवीपर्यंत शिकलेल्या माणसाला गोंदियात दुसरं काय? आणि मामाजींचं तर ते घर होतं, उंबरठ्यासकट.

नळ्या साफ झाल्यावर, मालक यायच्या आदल्या दिवशी, साधी फेरी होती. ठरल्याप्रमाणे झाड आलं, ठरल्याप्रमाणे टपटप सुरू झाली. मामाजी पायवाटेकडे बघत होते. मी घाबरलेला होतोच. त्यापेक्षा जास्त काय घाबरणार, म्हणून मोटारीखाली शिरलो. भुताचा पाय दिसेल अशी माझी तयारी होती. दिसली ती एक बारीक तार. रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडायची पितळी तोटी असते. तिच्या कानाला ती तार बांधलेली होती, आणि फळीच्या फटीतून वर, मामाजींच्या पायाच्या अंगठ्याच्या जागी गेलेली; रेडिएटर उतरवायच्या वेळी ते ती आधीच सोडून ठेवत असणार. मी खाली तसाच पडून राहिलो. माझ्या कपाळावर थेंब पडत होते. माणसाला भुतापेक्षा अशा वेळी जास्त भीती वाटते.

बाहेर आलो तर मामाजी समोर उभे. माझ्या कपाळावरचं पाणी त्यांनी पाहिलं.

"दिसली का तार?"

"हो."

"जिजाजीले सांगशील?"

"नाही," मी म्हणालो. "पण मामाजी, का?"

ते झाडाला टेकले. "मोटार तापत नाही आता. मंग कायले थांबू मी इथं? लोक इचारतीन, काऊन थांबला? काय सांगू? बायकोसाठी थांबलो म्हनू? ती असताना कधी म्हनलो नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पन एक गोठ सांगतो, रत्नागिरी. तार मी दुसऱ्या दिवशी बांधलो. पहिल्या दिवशी तार नव्हती. आई शपथ. मी तं पुढंच चाललो होतो. तोटी आपल्या आपून खुलली."

नव्या मालाची तोटी सैल असेल, हादऱ्यानं फिरली असेल, हे मला आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही, आणि आज सुचतं त्यावरही माझा पुरता विश्वास नाही. मामाजींनी वाकून तार सोडवली, गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "तू ठेव. उद्या मी तिले दगा देतो. मोटार तं राहीन."

दुसऱ्या दिवशी मालक धोतराचा सोगा सावरत मामाजींच्या शेजारी बसले. चढ लागला. माझ्या खिशातली तार मला निखाऱ्यासारखी जाणवत होती. झाड दिसू लागलं, जवळ आलं. सगळे कान टवकारून होते. पण पुढून काही आवाज नाही. रेडिएटर ठणठणीत. मामाजी समोर बघत होते आणि त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता, पहिल्या दिवशी पाणी गळलं होतं तसा. मोटार झाडापुढं सरकली. आणि मला काय झालं कोण जाणे. ज्या माणसानं मला वळकटीवरून उठवलं त्याला असं पुढे जाऊ कसं द्यायचं? मी पत्र्यावर थाप मारून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "चिंध्यादेव! चिंध्यादेव उतरणारे!"

मामाजींनी ब्रेक दाबला. मालक गर्रकन वळले. "कोन उतरते इथं? इथं गाव नाही, मान्स नाही!"

मग शेवटच्या बाकावरून टोपली उचलत शिंगाडेवाली म्हातारी उठली. तिचं गाव अजून कितीतरी पुढे होतं. "मी उतरून राहिली," ती म्हणाली. "देवाले चिंधी बांधाची हाय. काऊन, पाप हाय का?" तिच्यामागे पदराच्या किनारी तयार ठेवलेल्या सगळ्या बाया उठल्या. मग पुरुष. बघता बघता मोटार रिकामी झाली आणि झाडाखाली जत्रा भरली. मालक तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग व्यापारी माणूस म्हणून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. "इतके लोक? मंग इथं ठेसन काऊन नाही रे आपलं? उद्यापासून इथं पक्का थांबा!" असं म्हणून तेही एक धागा बांधायला उतरले.

मामाजी उतरले नव्हते. स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "टपकला का?"

मी मोटारीखाली पाहिलं. माती कोरडी होती. "नाही, मामाजी. एक थेंबही नाही."

मोटार वाचली, माझं ताट वाचलं. पण ते ऐकून त्यांचा चेहरा असा उतरला की आपण वाचलो याचीच मला लाज वाटली. मी मान फिरवली, आणि म्हणूनच मला ते दिसलं. झाडाच्या बुडाशी, माणसांच्या गर्दीपासून जरा बाजूला, नाल्याची पायवाट वर येते तिथं, धुळीत एक ओला गोल उमटला होता. पाण्यानं भरलेला गुंड जमिनीवर आदळून ठेवावा आणि उचलावा, तेवढाच. वैशाखाचं ऊन होतं, आणि आमच्या कोणाजवळ गुंड नव्हता. मी मामाजींना हाक मारली नाही. नुसतं बोट दाखवलं. ते उतरले, आले, बघत उभे राहिले. आमच्या डोळ्यांदेखत तो गोल कडेनं वाळत आत आत आला आणि नाहीसा झाला. मामाजींनी मोटारीचं दार उघडलं, थांबले, लावलं. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. "चला, चला, बसा. उशीर होऊन राहिला. ए रत्नागिरी, कोपरा पाहजो!"

पुढे लढाई आली, पेट्रोल मिळेना, आणि शेवटी ते इंजिन आमगावच्या मिललाच गेलं. मामाजी त्याच्यासोबत गेले; तिथंही रोज सकाळी त्याला विचारूनच ते सुरू करत. मी फुलचूरला एका दुकानात लागलो, तेही त्यांच्याच शब्दावर. मिलमध्ये इंजिन हौदाच्या पाण्यावर गार होई, रेडिएटरचं काम नव्हतं. तो कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या थंडीत मामाजी गेले. उन्हाळ्यात मी बैलगाडीनं त्या बाजूला गेलो, जाताना पाण्याची सुरई घेतली होती. झाडाच्या बुडाशी ओतावी एवढंच मनात. पाहतो तर रेडिएटर तिथं होता, मोहाला टेकवून उभा. नळ्यांची तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद केलेली, जाळीच्या घरा-घरात चिंध्या बांधलेल्या. मी झाकण काढलं. भर उन्हाळ्यात, नाला आटलेला असताना, तो काठोकाठ भरलेला होता. शिंगाडेवाली म्हातारी आता टोल्यावरच राहते. तिला जाऊन विचारलं, कोण भरतं? ती म्हणाली, "मले काय मालूम? मी तं समजली, तूच येऊन भरून जातेस."

मी परत झाडाखाली येऊन बसलो. चिंध्या हलत होत्या, आधी खालच्या, मग वरच्या. पण भीती वाटली नाही, किंवा वाटली ती ओळखीची वाटली. तोटीखाली हात धरून पाहिला. इतक्या वर्षांनीही त्या रेडिएटरातून एक थेंब गळत नव्हता. गाडीवान वरून हाका मारत होता, "चला ना जी, कायले थांबले?" मला काही सांगता येईना. तेव्हा मी तोटी जराशी सैल केली, मामाजी करीत असतील तितकीच, आणि त्याला ओरडून म्हणालो, "थांब जरा. पाणी टपकून राहिलं."